वाढत्या अंगाची दुर्बीण

चंद्रशेखर पांचाळ यांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असे. निवृत्त होऊन पाच महिने झाले, तरी होतीच. देवळात जाताना, कुणाच्या मुंजीला जाताना, दात दाखवायला जातानासुद्धा. बायको, शैला, विचारायची, "अहो, तिथं काय मोजणार आहात?" तर म्हणायचे, "वेळ काय सांगून येते?"

कोल्हापुरात चौदाव्या वर्षी ते एका वर्कशॉपात लागले. उस्तादाने पहिले सहा महिने मशीनला हात लावू दिला नाही. हातात कानस दिली, लोखंडाचा ठोकळा दिला आणि सांगितलं, सहाही बाजू काटकोनात आण. ठोकळा घासून घासून निम्मा झाला तेव्हा कुठे उस्ताद म्हणाला, "बरं आहे." तेवढीच शाबासकी. पण ती पुढे जन्मभर पुरली. १९६८ साली बायको आणि सोळा वर्षांचा मुलगा घेऊन ते डेट्रॉइटला आले आणि एका डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवणाऱ्या कारखान्यात अठरा वर्षं राबले. तिथल्या लोकांना चंद्रशेखर म्हणता येईना, म्हणून त्यांनी चक केलं. लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, धरून ठेवतो त्या जबड्यालाही चकच म्हणतात. पांचाळांना नाव पसंत पडलं.

घरात मात्र सगळे त्यांना आबा म्हणत. घर डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये, मुलाचं. मुलगा राजीव मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर, सून पद्मजा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि नात वीणा. १९८७ च्या मे महिन्यात, दुसऱ्या रविवारी, ती आठ वर्षांची होणार होती.

वीणाला पक्ष्यांचं वेड. वेड म्हणजे खरं वेड. सकाळी दात घासता घासता सांगायची की मागच्या झाडावर कोण ओरडतंय. खोडावरून डोकं खाली करून उतरतो तो कोण, जमिनीवर दोन्ही पायांनी उडी मारतो तो कोण, सगळं पाठ. एक वही केली होती. तीत तारीख, पक्षी, काय करत होता, असं लिहायची. आबांना ती वही फार आवडायची. नोंद ठेवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर होता, मग तो सात वर्षांचा का असेना.

म्हणून मागच्या दिवाळीला त्यांनी तिला दुर्बीण घेतली. राजीवला घेऊन दुकानात गेले, तासभर उभे राहिले. बिजागरी हलवून पाहिली, स्क्रू पाहिले, भिंगं खिडकीपाशी नेऊन पाहिली. शेवटी सगळ्यांत मोठी उचलली. काळीभोर, वजनदार, दोन्ही हातांत भरणारी. दुकानदार म्हणाला, बोटीवरचे लोक हीच वापरतात.

राजीव म्हणाला, "आबा, तिला जड नाही होणार?"

"वस्तू घ्यावी ती वाढत्या अंगाची," आबा म्हणाले. "कॉलेजला जाईपर्यंत बघायला नको."

आणि आता, वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, बुधवारी सकाळी राजीव चहा पिता पिता म्हणाला, "यंदा मी कीबोर्ड घेतोय तिला. डिकीत आणून ठेवलाय. पद्मजाने टीचरपण बघितलीये. पुढच्या रविवारपासून क्लास, सकाळी आठला."

"रविवारी सकाळी? तेव्हा तर तिचे पक्षी असतात," आबा म्हणाले.

"कुठले पक्षी? संपलं ते. दुर्बीण दोन महिने खुंटीला लटकलीये. वही उघडून बघा, फेब्रुवारीनंतर एक ओळ नाही. मुलांचं असंच असतं, आबा. आधी डायनोसॉर, मग पक्षी, आता दुसरं काहीतरी."

राजीव गेल्यावर आबांनी वही उघडली. खरंच, फेब्रुवारीनंतर कोरी. पण त्याआधीची पानं पाहताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दिवाळीआधीच्या नोंदी लांबलचक होत्या. कोण कुठे बसला, कसा उडाला, कुणाशी भांडला. दुर्बीण आल्यावर नोंदी आखूड होत गेल्या होत्या. 'कार्डिनल. लाल.' 'ब्लू जे. निळा.' बस.

हत्यार चांगलं मिळालं की काम सुधारायला हवं. इथं बिघडलं होतं. आबांना चैन पडेना.

दुपारी चारला वीणा शाळेतून आली. मागच्या कुंपणावर एक कार्डिनल येऊन बसला होता. आबा म्हणाले, "वीणा, दुर्बीण आण. पळ."

तिने आणली. गळ्यात अडकवली, डोळ्यांना लावली. वजनाने तिची कोपरं थरथरत होती.

"दिसला?"

"हो."

"कसा आहे?"

"रेड."

"चोचीत काय आहे त्याच्या?"

जरा थांबून ती म्हणाली, "सीड."

आबांना साध्या डोळ्यांनी दिसत होतं. पक्षी चोच वासून, मान वर करून गात होता. चोचीत दाणा धरून कुणी गात नाही.

ते रागावले नाहीत. वर्कशॉपात नवीन पोरगा येतो, त्याला मायक्रोमीटर वाचता येत नाही आणि विचारायची लाज वाटते. मग तो जवळपासचा एखादा आकडा ठोकून देतो. अशी पन्नास पोरं त्यांनी पाहिली होती. त्या पोरांना झापून उपयोग नसतो. हत्यार त्यांच्या हातात कसं बसलंय ते बघावं लागतं.

ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "मला खरं सांग. आत काय दिसतं?"

वीणाने दुर्बीण खाली घेतली. "ब्लॅक," ती म्हणाली. "आणि एका साइडला थोडासा मून."

"पहिल्या दिवसापासून?"

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं. "माझे आईज बॅड आहेत, आबा. सगळ्यांना दिसतं, मलाच नाही. डॅडला नको सांगू."

आबांनी खिशातून पट्टी काढली. "त्या समोरच्या घराच्या धुराड्याकडे बघ. लांब. हलू नकोस." पट्टी तिच्या कपाळाला टेकवून त्यांनी एका बुबुळाच्या मध्यापासून दुसऱ्या बुबुळाच्या मध्यापर्यंत माप घेतलं. तीनदा घेतलं. तीनदा एकावन्न मिलिमीटर आलं.

मग तळघरात जाऊन मखमलीच्या डबीतला बारीक मापाचा व्हर्निअर आणला. दुर्बिणीच्या दोन नळ्या बिजागरीवर जितक्या जवळ येतील तितक्या आणल्या आणि डोळा लावायच्या भिंगांमधलं अंतर मोजलं. साठ.

नऊ मिलिमीटर. इंचाच्या हजाराव्या भागासाठी ज्यांनी अठरा वर्षं जॉब परत पाठवले, त्यांनी नातीच्या तोंडावर नऊ मिलिमीटर चुकवले होते. मुलगी सहा महिने त्या दोन नळ्यांमधल्या काळोखात बघत होती आणि घरातल्यांना वाईट वाटू नये म्हणून 'रेड' म्हणत होती.

"तुझे डोळे एकदम बरोबर आहेत," आबा म्हणाले. "दुर्बीण चुकीची आहे. आणि ती मी घेतली."

"रिअली? माझे आईज गुड आहेत?"

"एकावन्न. कुठल्याही शाळेत जाऊन सांग."

ती जोरात हसली. आणि आबांच्या अंगात वारं भरलं. निवृत्त झाल्यापासून पाच महिने ते गवत कापत होते, बर्फ ओढत होते, पण असं काम अंगावर आलं नव्हतं. माप ठाऊक, मुदत ठाऊक, चूक ठाऊक. आणखी काय लागतं माणसाला?

रात्री जेवताना त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. चूक लपवली की दुप्पट होते, हे त्यांना पाठ होतं.

राजीवने वीणाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हसायलाच लागला. "वाढत्या अंगाची! आबा, मला अमेरिकेत येईपर्यंत कधी मापाचा बूट मिळाला नाही. पुढे कापूस कोंबून चालायचो मी."

"आणि युनिफॉर्म?" शैलाने आमटी वाढता वाढता भर घातली. "चौथीत घेतलेली चड्डी सातवीत बसायला लागली, तर मागून विरली होती. सगळा राजारामपुरीचा रस्ता बघत होता."

"झालं का दोघांचं?" आबा म्हणाले. "आता ऐक, राजीव. रविवारी सकाळी सातला नेचर सेंटरवाले पक्षी दाखवायला नेतात. तोवर मी हिच्या मापाची आणतो. तिने खराखुरा पक्षी पाहिला, तर रविवार सकाळ तिची. नाही दिसला, तर तुझा कीबोर्ड दे, तुझा क्लास लाव. मी ब्र काढणार नाही."

"दोन वर्षं थांबलो तर हीच बसेल की तिला."

"दोन वर्षांत ती विसरेल. फेब्रुवारीतच विसरायला निघाली होती."

वीणा एकदा बापाकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. राजीव म्हणाला, "बरं. डील."

गुरुवारी सकाळी आबांनी जुनी प्लिमथ गाडी काढली. शैला शेजारी बसली. "मी येते. तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा तोफ घेऊन याल."

मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात पिवळ्या प्लास्टिकच्या दुर्बिणी होत्या. आबांनी व्हर्निअर लावला. अठ्ठेचाळीस! शैला म्हणाली, "घ्या की मग." पण आबांनी ती डोळ्यांना लावून समोरच्या भिंतीवरची पाटी वाचून पाहिली. अक्षरांना इंद्रधनुष्य फुटलं होतं. प्लास्टिकची भिंगं. "हिच्यापेक्षा बोटांची नळी करून बघितलेलं बरं," म्हणाले आणि ठेवून दिली.

दुसऱ्या दुकानात काचेच्या कपाटातून त्यांनी एकामागून एक अकरा दुर्बिणी काढायला लावल्या. प्रत्येकीला व्हर्निअर. अठ्ठावन्न. एकसष्ट. सत्तावन्न. काउंटरवरची मुलगी आधी हसत होती, मग हसेनाशी झाली, मग तिने गार्डला बोलावलं. गार्ड येऊन म्हणाला, "सर, काही प्रॉब्लेम?"

"आहे," आबा म्हणाले. "तुमच्या देशात लहान मुलांना डोळे नसतात काय?"

शैलाने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. पार्किंग लॉटमध्ये दोघंही हसत सुटली.

शुक्रवारी आणखी चार दुकानं झाली. छप्पन्नच्या खाली काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी वीणाने दारातच विचारलं, "मिळाली?" आबा म्हणाले, "उद्या." म्हणाले खरे, पण त्या रात्री त्यांना पोळी गोड लागली नाही.

शेवटच्या दुकानदाराने एक पत्ता दिला होता. जवळच्याच फर्नडेल गावात एक म्हातारा आहे, वॉल्टर, कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करतो. शनिवारी एकला बंद करतो. आबा सकाळी दहालाच दारात.

वॉल्टर सत्तरीचा, डोळ्याला भिंग अडकवलेला. त्याच्या बाकावरची हत्यारं उंचीप्रमाणे लावलेली. आबांना माणूस तिथंच पटला. त्यांनी नाव चक सांगितलं आणि नातीच्या डोळ्यांमधलं अंतर कागदावर लिहून पुढे केलं. एकावन्न.

वॉल्टरने कपाटाच्या तळातून एक जुनी दुर्बीण काढली. लहान, सहापट मोठं दाखवणारी, काळा रंग कडांना उडून पितळ दिसणारी. मुठीत मावेल एवढी. आबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या विजेच्या खांबावरचा एकेक खिळा लख्ख दिसला. मग व्हर्निअर लावला. पंचावन्न.

"याहून कमी होणार नाही," वॉल्टर म्हणाला. "बिजागरीजवळ तो खांदा आहे बघ. तो अडतो."

"कानशीने उतरवला तर?"

"मी चांगली वस्तू कापत नाही."

"मी कापतो. तू बघ."

वॉल्टरने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खणातून पितळेचा एक वेडावाकडा तुकडा काढला, बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळला आणि एक कानस पुढे केली. "एक बाजू सपाट कर. दुसरी तिला काटकोनात."

आबांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या. पाय रोवले. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी उस्तादाने शिकवलं होतं, कानस हाताने नाही मारायची, कमरेतून मारायची. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. वीस मिनिटं खोलीत तेवढाच आवाज होता. वॉल्टरने तुकडा घेतला, काटकोन तपासायचा गुण्या लावला, उजेडासमोर धरला. गुण्या आणि पितळ यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा आली नाही.

वॉल्टरने गुण्या खाली ठेवला आणि दुर्बीण आबांच्या हातात दिली. घड्याळात अकरा झाले होते.

दोघांनी मिळून भिंगांवर कागद चिकटवला. कीस आत जाऊ नये म्हणून बिजागरीच्या फटीत ग्रीस भरलं. मग आबा लागले. दहा वेळा कानस, मग माप. दहा वेळा, मग माप. चोपन्न. त्रेपन्न. घाई केली असती तर अर्ध्या तासात झालं असतं, पण घाई करणारा माणूस धातू परत लावू शकत नाही. बावन्न. कपाळावरचा घाम नाकावर आला तर वॉल्टरने आपल्या रुमालाने पुसला, कारण आबांचे हात गुंतलेले होते.

एकावन्नला वॉल्टर म्हणाला, "झालं."

"नाही," आबा म्हणाले. "एकावन्न तिला हवेत. मिटायला पन्नासपर्यंत मिटली पाहिजे. हातमोजे घातले, मान वाकडी केली, तर जागा लागते."

पन्नासला ते थांबले. ग्रीस पुसलं, कागद काढले. वॉल्टरने भिंतीवरच्या फुलीकडे रोखून दोन्ही चित्रं एकमेकांवर बसतात का पाहिलं. बसत होती. त्याने बिजागरी सबंध उघडून दाखवली. "सत्तरपर्यंत उघडते, चक. पोरगी म्हातारी झाली तरी बसेल."

आबा एवढे मोठ्याने हसले, की वॉल्टरच्या डोळ्याचं भिंग पडलं.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही दुर्बिणी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. वीणा नवीवर झडप घालणार, तोच आबांनी झाकली. "उद्या सकाळी. वाढदिवसाला." मोठीकडे बघून म्हणाले, "हिचं काय करायचं?"

शैला म्हणाली, "तुम्ही वापरा. तुमचं अंग वाढायचं केव्हाच संपलं."

रविवारी सकाळी सातला नेचर सेंटरच्या फाटकापाशी सगळे उभे होते. थंडी अजून होती. झाडांची पानं उंदराच्या कानाएवढी. वीणाच्या गळ्यात छोटी दुर्बीण, पट्टा आबांनी रात्रीच तिच्या छातीच्या मापाने आखूड केलेला. आबांच्या गळ्यात मोठी. राजीव खिशात हात घालून, झोप न झालेला. त्याच्या डिकीत कीबोर्ड.

वाट दाखवणारी बाई पुढे चालली होती. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. वीणाने दोनदा दुर्बीण लावली, दोनदा काढली. विचारायचं नाही, असं आबांनी ठरवलं होतं. विचारलं, की मूल आपल्याला हवं ते सांगतं.

ओढ्याकाठच्या झुडपात काहीतरी पिवळं हललं. बाई कुजबुजली, "यलो वॉर्बलर."

वीणाने दुर्बीण वर नेली. या वेळी कोपरं थरथरली नाहीत. ती हलली नाही. तोंड उघडं राहिलं. आबांनी मोजलं नाही, पण बराच वेळ गेला असावा.

"आबा," ती एकदम हळू म्हणाली, "त्याच्या चेस्टवर लाईन्स आहेत. रेड. पिवळ्यावर रेड. आबा, त्याच्या चोचीत अळी आहे. ग्रीन. अजून हलतीये ती! त्याने ती फांदीवर आपटली! डॅड, ही इज हिटिंग इट!"

आबांनी मोठी दुर्बीण डोळ्यांना लावली. पक्षी सापडला. पिवळ्या छातीवर तांबड्या रेघा. चोचीत हिरवी अळी. पक्ष्याने ती आपटली, पुन्हा आपटली आणि गिळली.

"गिळली," वीणा म्हणाली.

"गिळली," आबा म्हणाले.

राजीव वाकला. "मला दे बघू जरा." तिने जड मनाने दिली. त्याने नळ्या ताणून आपल्या डोळ्यांच्या मापाला उघडल्या आणि पाहिलं. झोप उडाली. "अरे बापरे," तो म्हणाला. "आबा, हे तर..." आणि पुन्हा बघायला लागला.

"डॅड, माझा टर्न! आणि परत फिफ्टी वनवर आण."

राजीवने ती मिटून तिच्या हातात दिली. आबांकडे बघून म्हणाला, "मी टीचरला विचारतो, शनिवार जमतो का."

वीणाला ते ऐकूही गेलं नाही. ती जमिनीवर बसून वही उघडत होती. फेब्रुवारीनंतरचं पहिलं कोरं पान. तारीख घातली, लिहायला लागली, लिहीतच गेली. मग मान वर न करता हात पुढे केला.

"आबा, तो किती मोठा असतो? लेडी म्हणाली फाइव्ह इंचेस. तुझी पट्टी दे."

आबांनी खिशातून पट्टी काढून दिली. तिने पानावर पाच इंचांची रेघ ओढली, एका टोकाला चोच काढली, चोचीत अळी. मग पट्टी वहीत खूण म्हणून घातली, वही मिटली आणि पुढे पळाली, कारण पुढच्या वळणावर कुणीतरी गात होतं.

आबा तिच्यामागे निघाले. अर्ध्या वाटेत हात सवयीने खिशाकडे गेला, खिसा रिकामा लागला. त्यांनी पट्टी परत मागितली नाही.